छातीचं मूल, पोटाचं मूल

बालरोग विभागात मुलांना नावं असतात ती त्यांच्या आई-बापांसाठी. आमच्या बोलण्यात ती 'छातीची' असतात, नाहीतर 'पोटाची'. "सात नंबरवर छातीचं आलंय." "पोटाचं आहे ते, पलीकडच्या खोलीत हलवा." ऐकणाऱ्याला हे कोरडं वाटतं, पण रात्रपाळीत भाषा अशीच आखूड होते. पंचाईत होते ती तिसऱ्या प्रकारच्या मुलाची. खोकला आहे, धाप लागलीये, आणि त्याच वेळी जुलाबही चालू आहेत. केसपेपरवर निदानाला ओळ एकच. मग लिहिणाऱ्याचा हात ठळक दिसेल तिकडे वळतो. श्वासागणिक पोट उडताना दिसलं की न्यूमोनिया, लंगोट भिजलेला दिसला की जुलाब.

जगाची मोजदादही याच वळणाने जाते. 2019 साली न्यूमोनियाने पाच वर्षांखालची 7,40,180 मुलं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. जुलाबाने जाणाऱ्या मुलांचा त्याच संघटनेचा आकडा वर्षाला सुमारे 4 लाख 44 हजार. रकाने दोन. ज्या मुलाला दोन्ही होतं ते यातल्या कुठल्यातरी एकाच रकान्यात गेलं, कारण मृत्यूचं मूळ कारण एकच धरायचं असा दंडक आहे. आणि ज्याच्या रक्तात जंतू शिरले होते त्याची तशी नोंद बहुतेकदा होतच नाही. जिथे ही मुलं सर्वांत जास्त मरतात, तिथे रक्त तपासून जंतू शोधायची सोयच सहसा नसते.

मला या तिसऱ्या प्रकाराबद्दलच लिहायचंय. दोन आजार एकत्र आले म्हणजे त्रास दुप्पट झाला, इतका सोपा हा हिशेब नाही. एक आजार दुसऱ्याची लक्षणं झाकतो, कधी त्याची नक्कलही करतो, आणि दोघांच्या आडून तिसरीच गोष्ट रक्तात पसरते. ती पकडायची तपासणी आपल्याकडे आहे, पण तिचं उत्तर येईपर्यंत मूल वाट बघत नाही.

श्वासापासून सुरुवात करते, कारण सगळा घोळ तिथेच होतो. श्वास मोजणं ही माझ्या मते सर्वांत उपेक्षित तपासणी. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की एक्स-रे नसला, स्टेथोस्कोप वापरता येत नसला, तरी दोन गोष्टी बघून न्यूमोनिया बऱ्यापैकी ओळखता येतो: श्वासाचा वेग, आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का. आजचे निकष त्याच वाटेने आले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन ते अकरा महिन्यांच्या बाळाचा 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 किंवा जास्त, तर तो वेगवान धरायचा. गावोगावच्या आरोग्य सेविकांनी हे आकडे हातात घेऊन अक्षरशः लाखो मुलं वाचवली आहेत.

मोजायचं मात्र पूर्ण एक मिनिट, आणि मूल शांत असताना. तीस सेकंद मोजून दुप्पट करणारे मला ओळखू येतात. त्यांचे आकडे नेहमी सम असतात. लहान बाळ मधेच क्षणभर थांबतं, मग भराभर चार श्वास घेतं, त्यामुळे अर्ध्या मिनिटाचा हिशेब फसवा निघतो. रडणाऱ्या मुलाचा आकडा तर कागदावर लिहूच नये. आईच्या कुशीत पिताना किंवा झोपेत असताना झबलं वर सरकवायचं, पोटावर नजर ठेवायची आणि घड्याळ समोर धरायचं. एक मिनिट फार मोठं असतं, हे तेव्हा कळतं.

आता यात जुलाब मिसळा. जुलाबावाटे पाणी जातं हे सगळ्यांना माहीत असतं. त्या पाण्याबरोबर बायकार्बोनेटही जातं, म्हणजे रक्तातलं आम्ल ताब्यात ठेवणारा क्षार. वर पाणी कमी झाल्याने हातापायांना रक्त पोचत नाही, तिथल्या पेशी प्राणवायूवाचून काम चालवतात आणि आणखी आम्ल तयार करतात. रक्त आम्लाकडे झुकलं की मेंदू फुप्फुसांना हुकूम सोडतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाका, भराभर टाका. मूल धापू लागतं. फुप्फुसं ठणठणीत असतानाही श्वास साठच्या वर जातो. आकडा बघून कुणीही न्यूमोनिया म्हणेल, आणि निकषाप्रमाणे ते बरोबरच ठरेल.

जाणत्या डोळ्यांना फरक दिसतो. आम्लामुळे लागलेली धाप खोल असते, एकसारख्या लयीत चालते, बरगड्या फारशा ओढल्या जात नाहीत. न्यूमोनियाची धाप उथळ, नाकपुड्या फुलणारी, कधी कण्हणारी. पण हे पुस्तकात. दोन्ही असलेल्या मुलात धापही मिश्र असते. म्हणून मला सिस्टरांचं शहाणपण जास्त भरवशाचं वाटतं.

"डॉक्टर, हे धापतंय, पण म्हणावं तसं ओढत नाहीये."

"पहिल्या तासाचं सलाईन किती गेलं?"

"संपत आलंय."

"संपलं की परत मोजू. तुम्हीच मोजा, माझ्याकडे बघून तो रडतो."

ही दुसरी मोजणी फार कमी ठिकाणी होते. पाणी खूपच कमी झालेल्या, पण कुपोषित नसलेल्या तान्ह्या बाळाला पहिल्या तासात किलोमागे 30 मिलिलिटर आणि पुढच्या पाच तासांत 70 मिलिलिटर द्यायचं, असा ठरलेला हिशेब आहे. तो चालू असताना श्वास खाली आला, डोळ्यांत जीव आला, लघवी झाली, तर धाप बव्हंशी आम्लाची होती. श्वास तसाच राहिला आणि बरगड्या ओढत राहिल्या तर छातीच बोलतेय. आणि पाणी भरूनही मूल अधिकच मलूल होत चाललं, हात गार, नाडी दोऱ्यासारखी, नखावर दाबून सोडलं तर लाली परतायला तीन सेकंदांहून जास्त लागतायत, तर रक्तात जंतू शिरल्याचा संशय धरलाच पाहिजे. प्रत्यक्षात या तीन वाटा इतक्या स्वच्छ वेगळ्या पडत नाहीत, हेही सांगून ठेवते. अशा मुलाच्या गार बोटाला ऑक्सिमीटर लावला तर यंत्र नुसतं लुकलुकत राहतं, आकडा देत नाही. आकडा आला नाही हीसुद्धा एक खूणच आहे, पण बरेच जण यंत्र बिघडलं असं समजून दुसरं मागवतात.

आता रक्त काढायची वेळ. सुकलेल्या बाळाची शीर सापडणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. मनगट, कोपर, पाऊल, शेवटी डोक्यावरची शीर. सुई आत जाते, थेंब येतो आणि थांबतो. कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या, बाटलीत निदान एक मिलिलिटर तरी रक्त जावं अशी अपेक्षा असते, मुलाच्या वजनाप्रमाणे त्याहून जास्त. सकाळच्या घाईत त्यातल्या अर्ध्यावरच समाधान मानलं जातं. यात आळस फारसा नसतो. आई डोळे मिटून उभी असते, मूल किंचाळत असतं किंवा, जास्त वाईट म्हणजे, किंचाळत नसतं. पण त्या अर्ध्या मिलिलिटरची किंमत मोठी असते. लहान मुलांच्या एका मिलिलिटर रक्तात पुष्कळदा दहासुद्धा जंतू नसतात. कमी रक्त घेतलं तर त्यातला एकही बाटलीत न येण्याची शक्यता भरपूर. आणि भरती होण्याआधी कुठल्यातरी अँटिबायोटिकचे दोन डोस पोटात गेले असतील, तर बाटलीत आलेला जंतूही वाढत नाही.

बाटली यंत्रात ठेवली जाते. तिच्या बुडाशी एक संवेदक असतो. जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याने संवेदक बदलतो आणि यंत्र वाजतं. वॉर्डात आपण मुलाचा श्वास मोजत असतो आणि तळमजल्यावर यंत्र जंतूंचा, ही गंमत मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या बाईंना तीनदा विचारून खात्री केली होती. खरे रोगकारक जंतू बहुधा पहिल्या दीड-दोन दिवसांत हजेरी लावतात. मग काचपट्टीवर रंग देऊन बघायचं, जांभळे गोल दिसतात की गुलाबी काड्या. पुढे कुठलं औषध चालेल हे कळायला आणखी एखादा दिवस. काहीच आलं नाही तर पाच दिवसांनी 'वाढ नाही' असा शेरा. आणि कधी वाढ येते ती कातडीवरच्या निरुपद्रवी जंतूची, सुई घुसताना बाटलीत आलेल्या. मग त्या वाढीवरून वॉर्डात वाद.

म्हणून 'कल्चर निगेटिव्ह' हे शब्द ऐकून घरच्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो, तो बघून मला अवघडायला होतं. त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच, की त्या वेळी घेतलेल्या तेवढ्या रक्तात वाढण्याजोगं काही सापडलं नाही.

सापडतं तेव्हा मात्र जंतूचं नाव पुष्कळ काही सांगून जातं. न्यूमोकॉकस आला तर वाट छातीतून आली. हा जंतू कितीतरी निरोगी मुलांच्या नाकाघशात बिनबोभाट राहतो, एखादा विषाणू येऊन श्वासमार्गाचं अस्तर खरवडून गेला की खाली उतरतो आणि तिथून रक्तात. गुलाबी काड्या आल्या, म्हणजे साल्मोनेला, ई. कोलाय, क्लेब्सिएला यांच्यापैकी कुणी, तर बहुधा आतड्याची भिंत फुटलेली. भिंत म्हणजे तरी काय? पेशींचा एकच थर, तोही दर तीन-पाच दिवसांनी नवा होणारा. कुपोषणात हे नवं होणं मंदावतं, आतड्याच्या आतल्या मखमली उंचवट्यांची उंची झडते, फटी पडतात. आतले जंतू पलीकडच्या लसिकाग्रंथींत आणि यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात. यकृतातल्या पेशी एरवी त्यांना गिळून टाकतात. अशक्त मुलात ही चौकीही ढिली पडलेली असते.

गंमत अशी, की आतड्यातून आलेला जंतू मुलाला खोकलाही देऊ शकतो. विषमज्वराचा जंतू लहान मुलांत कित्येकदा खोकला आणि जुलाब घेऊनच प्रकट होतो, आणि आफ्रिकेत विषमज्वराव्यतिरिक्तच्या साल्मोनेलांनी रक्त दूषित झालेली मुलं पुष्कळदा न्यूमोनियाची म्हणून भरती होतात. उलटही होतं. न्यूमोनियाच्या तापात मुलाला जुलाब होतात, आतड्यात वेगळा जंतू नसतानाही. केनियाच्या किलिफी इथल्या रुग्णालयात भरती होणाऱ्या प्रत्येक मुलाचं, मग त्याचं निदान काहीही असो, रक्त कल्चरला लावायचं असं ठरवून काही वर्षं काम झालं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत रुग्णालयातल्या बालमृत्यूंपैकी जवळपास एक चतुर्थांश मृत्यू रक्तात जंतू सापडलेल्या मुलांचे होते. मलेरियाच्या मुलखात, जिथे ताप म्हणजे मलेरिया असं समीकरण बसलेलं होतं, तिथे हे निघालं. शोधलं म्हणून दिसलं.

कुपोषित मुलाबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण या गोष्टीतला खरा बळी तोच. ताप म्हणजे शरीराने दिलेला लढा, आणि लढ्याला शिधा लागतो. ज्याच्याकडे शिधाच नाही त्याला पुष्कळदा ताप येतच नाही. उलट अंग थंड पडतं. काखेत थर्मामीटर 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेला तर ते 40 अंशांच्या तापाइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, घाबरण्याजोगं. याच मुलाच्या पोटाच्या कातडीला चिमटा घेतला तर ती सावकाश परत जाते, पाणी कमी झालेलं नसलं तरी, कारण कातडीखालची चरबीच गेलेली असते. डोळे आधीपासूनच खोल. श्वास वाढवायला लागणारे बरगड्यांचे स्नायू दुबळे, म्हणून फुप्फुस भरलेलं असूनही श्वास पन्नासच्या आत राहू शकतो. म्हणजे आपण ज्या ज्या खुणांवर विसंबतो, त्या सगळ्या एकाच मुलात एकदम खोट्या साक्षी देतात. म्हणूनच दवाखान्यात भरती झालेल्या अतितीव्र कुपोषित मुलाला जंतुसंसर्ग दिसो न दिसो, अँटिबायोटिक सुरू करायचं असा नियम आहे. औषधांच्या अनावश्यक वापराविरुद्ध मी एरवी तावातावाने बोलते. इथे अजिबात बोलत नाही.

आणि मग पाण्याचा पेच. जुलाबाने पाणी गेलंय, ते भरलं पाहिजे. छाती भरलीये, जास्त पाणी दिलं तर ती आणखी भरेल. रक्तातल्या संसर्गाने रक्तदाब ढासळतोय, तर झपाट्याने पाणी द्यावं असं आम्ही वर्षानुवर्षं शिकलो. 2011 साली केनिया, टांझानिया आणि युगांडातल्या 3,141 मुलांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तीव्र ताप आणि रक्ताभिसरण बिघडल्याची लक्षणं असलेल्या मुलांना झपाट्याने सलाईन किंवा अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचं द्रावण) द्यायचं, आणि काही मुलांना तसा झपाटा टाळून फक्त रोजच्या गरजेपुरतं द्यायचं. 48 तासांत झपाट्याने पाणी मिळालेल्या दोन्ही गटांत सुमारे साडेदहा टक्के मुलं गेली, न मिळालेल्यांत 7.3 टक्के. निकाल इतका उलटा होता, की चाचणी मधेच थांबवावी लागली. पण त्या चाचणीतून जुलाबाची आणि तीव्र कुपोषणाची मुलं मुद्दाम वगळलेली होती. म्हणजे माझं तिसऱ्या प्रकारचं मूल नेमकं त्या फटीत पडतं. त्याच्यासाठी उरतं ते थोडं द्या, थांबा, बघा, पुन्हा द्या. श्वास आणि नाडी दोन्ही वाढू लागल्या तर हात आखडा. कुणाला ही पद्धत कच्ची वाटेल. माझ्या डोळ्यांसमोर तरी याहून चांगली नाही. तिला लागतं ते मुलाजवळ बसून राहणारं माणूस, आणि नेमकं तेच कमी असतं.

ढाक्याचं नाव इथे घ्यायलाच हवं. कॉलरा संशोधनासाठी 1960 साली सुरू झालेली तिथली संस्था जुलाबाच्या रुग्णांसाठी जगभर ओळखली जाते, आणि जुलाबाच्या दवाखान्यात न्यूमोनियाची मुलं येणारच, त्यामुळे दोन्ही एकत्र असलेल्या मुलांचा एवढा अनुभव दुसरीकडे क्वचित सापडेल. तिथल्या मोहम्मद जोबायर चिश्ती यांनी शॅम्पूच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून, त्यात नळी बुडवून, श्वासाला मंद दाब देणारं साधन उभं केलं. 2015 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत नुसत्या कमी प्रवाहाच्या ऑक्सिजनवर ठेवलेल्या मुलांपैकी 15 टक्के दगावली, बुडबुड्यांच्या साधनावरची 4 टक्के. हे साधन रक्तातले जंतू मारत नाही. कल्चर वाढेपर्यंतचा आणि औषध लागू पडेपर्यंतचा वेळ ते मिळवून देतं.

औषधाचं म्हणाल तर सुरुवात अंदाजाने. अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही जुनी जोडी, छातीच्या आणि आतड्याच्या दोन्ही वाटांवर पहारा ठेवणारी. जेंटामायसिन देताना लघवीवर डोळा हवा, कारण सुकलेल्या मुलाचं मूत्रपिंड आधीच कुरकुरत असतं. दोन दिवसांनी फेरविचार. तिथेच कल्चरचा खरा उपयोग: चालू औषध पुढे रेटायचं, बदलायचं की कमी करायचं. कल्चर नसेल तर आपण बदलतो ते फक्त वरच्या दिशेने, अधिक जहाल औषधाकडे. 2016 सालापासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या इंजेक्शनलाही न जुमानणारा विषमज्वर पसरला. त्याच्यावर तोंडाने घ्यायचं चालण्याजोगं औषध जवळपास एकच उरलं, अ‍ॅझिथ्रोमायसिन.

लसींबद्दल थोडक्यात, कारण त्यात वादाला जागा नाही. गॅम्बियात न्यूमोकॉकसच्या लसीची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2005 साली आले: लस मिळालेल्या मुलांमध्ये कुठल्याही कारणाने होणारे मृत्यू 16 टक्क्यांनी कमी. एका जंतूवरची लस, आणि एकूण मृत्यूच घटले. याचा अर्थ तो जंतू आपल्याला दिसत होता त्याहून कितीतरी जास्त मुलांच्या आजारामागे असावा.

राहता राहिला घरी जायचा दिवस. श्वास खाली आलाय, जुलाब थांबलेत, मूल खेळण्याकडे हात करतंय. घरचे पिशव्या भरून तयार. इथे आमचं लक्ष सर्वांत आधी उडतं, कारण खाट दुसऱ्याला हवी असते. पण अशा मुलांच्या पुढच्या काही महिन्यांचा मागोवा जिथे घेतला गेला, तिथे घरी गेल्यानंतरचे मृत्यू रुग्णालयातल्या मृत्यूंच्या जवळपास येतात असं पुन्हा पुन्हा दिसलंय. घरी जाताना पाच दिवसांचं अ‍ॅझिथ्रोमायसिन देऊन बघितलं, केनियात, 1,400 मुलांवर. मृत्यूही कमी झाले नाहीत आणि पुन्हा भरती होणंही. आतड्याचं अस्तर आणि वजन पूर्ववत व्हायला आठवडे लागतात, त्याला गोळीचा आडमार्ग नाही.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर मी हल्ली औषधांच्या आधी तीन गोष्टी लिहिते. आजचं वजन. दोन आठवडे झिंक, वयाप्रमाणे मात्रा घालून. आणि परत दाखवायची तारीख, 'गरज वाटल्यास' हे शब्द खोडून. त्या तारखेला न आलेल्यांची यादी सिस्टरांकडे असते. दुपारी ओपीडी ओसरली की आम्ही दोघी फोन घेऊन बसतो. काही नंबर लागतच नाहीत. लागले तर पहिला प्रश्न वजनाचा विचारत नाही, कारण घरी काटा नसतो. विचारते, "पितंय का नीट?"